आठवी गाडी

डाव्या कानाने मला फारसं ऐकू येत नाही,
तीस वर्षं इंजिनाशेजारी बसल्याची ती पावती.
म्हणून कादंबरी उजव्या कानात.
दीडशे वर्षांपूर्वी कुणी मेणबत्तीशी बसून लिहिलेली,
आता एका सर्दी झालेल्या म्हाताऱ्या नटाच्या आवाजात
माझ्या केबिनमध्ये.
बाहेर उणे एकवीस.
सूर्य नोव्हेंबरात गेलाय तो अजून आलेला नाही.

अडसराशी सात गाड्या उभ्या आहेत.
मासळीचा ट्रक, दोन कुटुंबं, हामरफेस्टचा पाद्री,
बाकीचे नुसते दिवे.
वादळात हा डोंगर एकट्याने ओलांडायचा नाही,
पुढे मी बर्फ नांगरत जायचं
आणि मागे सगळ्यांनी माझा पिवळा दिवा धरून यायचं.

प्रकरण एकोणीस.
डॉक्टरला दलदलीकाठच्या त्या घरात येऊन आठवडा झालाय.
माडीवरची खोली खिळे ठोकून बंद केलेली.
आणि खिळे, हे त्याला आज कळतं,
आतून ठोकलेले आहेत.

नट हे वाक्य
पाव कसा भाजायचा ते सांगावं तसं वाचतो.
मग पान उलटल्याचा आवाज,
कापायचा राहून गेलेला.

कागदावर वाचायचे तेव्हा मी लबाड होते.
शेवटचं पान आधी बघून घ्यायचे,
भुताच्या ओळीवर अंगठा ठेवून पुढे सटकायचे.
आवाजावर अंगठा ठेवता येत नाही.
तो त्याच्या चालीने जातो
आणि मी मागे मागे,
रस्ता दिसत नसताना.

वळणावर वारा आडवा आला.
कडेच्या खुणेच्या काठ्या
एक दिसली की पुढची नाहीशी.
डॉक्टर रात्री जिना चढतोय, पायऱ्या मोजत.
चढताना चौदा.
उतरताना पंधरा.

मी आरशात पाहिलं.
दिव्यांच्या जोड्या आठ.

पुन्हा मोजल्या. ट्रक, मग चार, मग बर्फाचा लोट,
मग तीन.
कादंबरी तीस सेकंद मागे नेली,
रस्ता काही मागे जाईना.

वायरलेसवर अस्लाक विचारत होता, गुनवोर, सगळं ठीक?
काय सांगू?
कमी भरली तर काय करायचं ते आम्हाला शिकवलंय:
थांबायचं, कळवायचं, उलट फिरायचं.
जास्त भरली तर काय,
ते कुठल्याच कागदावर नाही.

एका फेब्रुवारीत एक कमी भरली होती.
निळी, मागच्या काचेत मुलाची स्लेज.
मी त्याबद्दल बोलत नाही,
आत्ताही बोलत नाहीये.

ठीक, मी म्हटलं.
आणि वेग कमी केला, अगदी थोडा.
घाबरून नव्हे.
शेवटच्याला गाठता यावं म्हणून.

पलीकडच्या अडसराशी अस्लाकने टॉर्च मारत
एकेक गाडी खाली सोडली.
मग मोजा घातलेला एक पंजा वर धरला
आणि दुसऱ्याची दोन बोटं. सात.
त्याच्या मागे पांढरं, नुसतं पांढरं.
मी उगाच जरा वेळ बघत राहिले.
पिवळा दिवा चालूच ठेवला.

थर्मासातली कॉफी ओतताना त्याने विचारलं,
काय ऐकतेस एवढं?
भुताची, जुनी.
भीती वाटते?
कॉफी गरम होती, मी उत्तर द्यायची टाळली.

उजव्या कानात नट खोकला.
हळूच म्हणाला, माफ करा.
कुणाला म्हणाला कोण जाणे,
दीडशे वर्षांच्या त्या घरात तेव्हा
त्याच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणी नव्हतं.
मग त्याने पाण्याचा घोट घेतला
आणि पहिला खिळा
निघू लागला, आतून.